माईंना शेवटपर्यंत पुरायचं होतं

गजकची, म्हणजे थंडीतल्या तीळगुळाच्या मिठाईची दुकानं आवरायला लागतात आणि त्याच फुटपाथवर कूलरच्या गवताचे भारे येऊन पडतात, त्या मधल्या दिवसांत आमच्या ग्वाल्हेरात एक मोसम येतो. पंचांगात त्याला नाव नाही. थंडी गेलेली असते, लू, म्हणजे उन्हाळ्याचा तो भाजणारा वारा, अजून सुटलेली नसते. कडुनिंबाला बारीक पांढरा मोहोर धरतो आणि चालता चालता त्याचा कडवट-गोड वास नाकाला येतो. नया बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानांसमोर मुलामुलींची झुंबड उडते. देवळांत प्रसाद वाढतो. घराघरांतले टीव्ही मुके होतात. हा परीक्षांचा मोसम.

मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवते. घरी मराठी, शाळेत हिंदी. इतकी वर्षं झाली, की आता स्वतःशी बोलताना कुठली भाषा कधी येईल याचा भरवसा नाही. या मोसमात वर्गात पर्यवेक्षण करताना मी मुलींच्या वह्यांकडे कमी आणि हातांकडे जास्त बघते. कोणी तळवे ओढणीला पुसत असते, कोणी पेन इतकं घट्ट धरते की नखं पांढरी पडतात. पूर्वी हे मला दिसत नसे. म्हणजे दिसत असे, पण त्याचा अर्थ 'पोरगी घाबरलीय' एवढाच. एका मार्च महिन्यानंतर बघण्याची तऱ्हाच बदलली.

त्या मार्चमध्ये आमच्या घरात तिघांची परीक्षा होती. माझा मुलगा चिन्मय बारावीला. माझ्याकडे तपासायचे पेपर. आणि माईंची तर रोजच.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी सारी हयात मुलींना गणित शिकवलं. माधवगंजातून त्या छत्री घेऊन निघाल्या की रस्त्यातल्या विद्यार्थिनी आपोआप एका बाजूने चालायला लागत, असं म्हणतात. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी त्यांची स्मृती उसवायला लागली. आधी नावं गेली, मग दिवस गेले, मग स्वयंपाकघराची वाट गेली. शाळा तेवढी राहिली. मार्च आला की त्यांच्या आत कुठेतरी घंटा वाजे. पहाटेपासून त्या दाराशी उभ्या.

"अगं, पेपर सुरू होईल. किल्ल्या कुठायत?"

"माई, आज सुट्टी आहे."

"सुट्टी? मार्चमध्ये? तुला कोणी नेमलं ग शाळेत?"

रात्री त्या झोपत नसत, म्हणून मीही झोपत नसे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली भांड्यांचं दुकान, आणि जिना उभा, काळोखी. दाराला आतून कुलूप लावलं तरी त्या कडी वाजवत राहत. अविनाश, माझा नवरा, वीज खात्यात. उन्हाळा तोंडावर आला की त्याची ड्यूटी वेळीअवेळी. चिन्मयला मीच म्हटलेलं, तू अभ्यासाशिवाय कशाकडे बघायचं नाही. तरी तो अधूनमधून येऊन सांगे, "मम्मी, आजीने फिर से माझं फिजिक्सचं पुस्तक नेलं. म्हणते, कॉपी करतोस."

एका सकाळी मी पोळ्या करत असताना माईंनी मागून येऊन माझा दंड ओढला. "चल, उशीर झाला!" हात तव्यावर टेकला. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, बोटभर लांब भाजलं. गृहिणीच्या हातावर असे डाग नवे नसतात. थंड पाणी घातलं, मलम लावलं, शाळेत गेले.

तो डाग भरेना.

आठवडा गेला, दुसरा गेला. फोड फुटला, खाली ओलं लाल राहिलं. कडांना खपली धरे आणि पुन्हा सुटे. एरवी माझी कातडी म्हणजे लहानपणापासून आईच्या कौतुकाचा विषय. खरचटलं की चार दिवसांत साफ. शाळेतल्या सहकारी म्हणाल्या, शुगर बघून घे. मी घाबरले. नया बाजारातून आत वळलं की एक छोटा दवाखाना आहे. तिथे एक तरुण डॉक्टरबाई बसत, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. शुगर ठीक निघाली. इतर काही नाही. मग त्या पट्टी बदलता बदलता सहज विचारल्यासारखं म्हणाल्या,

"मैडम, घर में कोई बीमार है क्या?"

मी म्हटलं, "मैं तो अपने हाथ के लिए आई हूं."

"हाथ का ही पूछ रही हूं."

मग त्यांनी मला एक अभ्यास सांगितला. स्मृती गेलेल्या माणसाची दीर्घकाळ सेवा करणाऱ्या लोकांच्या हातावर मुद्दाम एक लहानशी, सारख्या मापाची जखम करून शास्त्रज्ञांनी ती भरायला किती वेळ लागतो हे मोजलं होतं. त्यांच्याच वयाच्या, पण असं ओझं नसलेल्या लोकांपेक्षा त्यांची जखम उशिरा भरली. आणि विद्यार्थ्यांवरही तसंच बघितलं गेलं होतं; एकाच मुलाच्या तोंडातली जखम सुट्टीत लवकर भरली, परीक्षेच्या दिवसांत रेंगाळली.

"मलहम मैं बदल देती हूं," डॉक्टर म्हणाल्या, "इन्फेक्शन भी देखती रहूंगी. लेकिन आपकी नींद मेरे पास नहीं है."

दवाखान्याबाहेर ऊन होतं. किल्ला पिवळट धुरकट दिसत होता, जणू कोणी त्याच्यावरून ओलं फडकं फिरवायचं विसरलंय. मी रिक्षा न करता चालत निघाले. मला राग येत होता, आणि तो कोणावर हे नीटसं कळत नव्हतं. मी वर्षानुवर्षं अधिवृक्क ग्रंथी शिकवत आले होते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी. संकट आलं की रक्तात रस सोडतात. हृदय जोरात, श्वास वेगात, स्नायूंना रक्त. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहीत असे, 'लड़ो या भागो'. मुली पाठ करत, पूर्ण गुण मिळवत. मला मात्र माईंशी लढता येत नव्हतं आणि माईंपासून पळता येत नव्हतं. आमच्या पुस्तकात तिसरा रस्ताच छापलेला नव्हता.

मी वाचायला लागले. पेपर तपासून झाले की, भाजी निवडताना, माई गच्चीवर तुळशी-जास्वंदीच्या कुंड्यांना पाढे म्हणायला लावत असताना शेजारी बसून. चिन्मयच्या लॅपटॉपवर, मोबाईलवर, जे सापडेल ते. आणि वाचता वाचता एक गंमत झाली. मला वाटलं होतं आजारांची भयंकर जंत्री वाचायला मिळेल. निघाली ती माणसांची गोष्ट. कोणीतरी काहीतरी भलतंच शोधत असतं आणि वाटेत हे सापडतं.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एक शरीरशास्त्रज्ञ मांजरांचं पचन बघत होता. क्ष-किरण तेव्हा नवे होते. मांजराच्या पोटात अन्न कसं घुसळलं जातं हे त्याला पडद्यावर दिसे. मांजर शांत असलं की पोट लाटेसारखं हलत राही. ते बिथरलं, की एकदम थांबे. दुसरा कोणी असता तर मांजराला शिव्या देऊन प्रयोग पुन्हा मांडला असता. हा थबकला. भीतीने पोट थांबतं, म्हणजे भीती नुसती डोक्यात नसते! आपल्याकडे बायका हे कधीपासून म्हणत आल्यात: काळजीने घास उतरत नाही, पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात. पण म्हणणं वेगळं आणि पडद्यावर दिसणं वेगळं.

मग काही दशकांनी दुसरा एक. डॉक्टरी शिकताना त्याच्या लक्षात आलेलं, की निरनिराळ्या रोगांचे रोगी एका बाबतीत सारखेच असतात: थकलेले, अन्नावर वासना नाही, तोंडावर कळा नाही. गुरुजन प्रत्येक रोगाची वेगळी खूण शिकवत होते आणि हा म्हणत होता, या सगळ्यांत जे सारखं आहे त्याचं काय? पुढे तो उंदरांना कसलासा अर्क टोचत होता, नवं संप्रेरक सापडेल या आशेने. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी फुगल्या, पोटात व्रण पडले, रोगाशी लढणारी यंत्रणा आक्रसली. तो खूश झाला. मग त्याने दुसरंच काही टोचलं, तरी तेच. गारठ्यात ठेवलं, दमवलं, तरी तेच. बिचाऱ्याचं संप्रेरक हातचं गेलं. पण अर्कापेक्षा मोठी गोष्ट सापडली होती. शरीरावर मागण्या लादल्या, मग त्या कुठल्याही असोत, की ते एका ठरावीक तऱ्हेने उठून उभं राहतं आणि फार काळ उभं ठेवलं तर तेच उभं राहणं त्याला खायला लागतं. त्यासाठी त्याने लोखंड आणि पूल यांच्या शास्त्रातला शब्द उचलला. आपण त्याला ताण म्हणतो.

हे वाचलं तेव्हा मी माईंकडे बघितलं. त्या जास्वंदीला म्हणत होत्या, "तेरा साते? उठून सांग."

शास्त्र सरळ रेषेत चालत नाही याचंही मला बरं वाटलं. माझे वडील दाना ओली नावाच्या गल्लीत राहत. त्यांना अल्सर होता. सगळा मोहल्ला त्यांना सांगे, "नाना, चिंता सोडा." चिंता सोडता न आल्याबद्दल ते स्वतःलाच दोष देत आणि थंड दूध पीत. पुढे जगाला कळलं की बहुतेकांच्या पोटातल्या अशा व्रणांमागे एक जंतू असतो. नानांना औषधं मिळाली, ते बरे झाले. त्यांनी आम्हा सगळ्यांना दारात उभं करून सांगितलं, "ऐकलं? मी भित्रा नव्हतो. मला किडा होता." वर्षानुवर्षांचा कलंक धुतल्यासारखा तो चेहरा होता. त्यानंतर पुन्हा अभ्यासकांच्या ध्यानात आलं, की तो जंतू कित्येकांच्या पोटात असतो आणि व्रण सगळ्यांना होत नाही. तेव्हा ताणाला खटल्यातून अगदीच निर्दोष सोडता येणार नाही. हे असं मागे-पुढे चालतं. ज्याला तो खोटेपणा वाटतो त्याने कधी स्वतःचं म्हणणं बदलून बघितलेलं नसावं.

पण माझ्यासाठी दार उघडलं ते एका वेगळ्याच प्रयोगाने. दोन उंदीर. दोघांना विजेचे सारखेच झटके, एकाच क्षणी, एकाच मापाचे. फरक इतकाच, की एकाजवळ एक चाक होतं. ते फिरवलं की झटका थांबे, दोघांचाही. दुसऱ्याच्या हाती काही नव्हतं. दुसऱ्याच्या पोटात व्रण जास्त पडले. दुःख तेवढंच, वेळ तेवढाच. ज्याच्या हाती काहीतरी होतं त्याचं शरीर कमी झिजलं.

मी लॅपटॉप मिटला. माईंचा आजार माझ्या हातात नव्हता. त्यांचा मार्च माझ्या हातात नव्हता. मग काय होतं?

त्या संध्याकाळी अविनाश चहा पीत असताना मी म्हटलं, "मला दुपारी सोबत हवी. पगारी बाई ठेवायची. आणि रात्र वाटून घ्यायची."

तो दचकला. "माईला परक्याच्या हाती द्यायचं?"

"तिघांच्या हाती द्यायचं. आत्ता एकाच्या हातात आहे आणि तो हात हा असा आहे." मी पट्टी सोडून दाखवली.

त्याने बघितलं. तो वाईट माणूस नाही. त्याला जखमेचं ठाऊक होतं, पण ती 'माझी' होती. त्याच्या आईचा आजार आणि माझ्या हाताची जखम या एकाच तारेवरच्या दोन गोष्टी आहेत असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"लोक म्हणतील, सून थकली."

"म्हणू देत. खरंच थकलीय."

"माईने मला कधी दुसऱ्याच्या भरवशावर ठेवलं नाही ग, मीनल."

यावर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी मागे हटले नाही. "अविनाश, मी माईंना सोडत नाहीये. हे वर्षभरात संपणारं नाही. मला माईंना शेवटपर्यंत पुरायचंय. या चालीने मी पुरत नाही."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शिरीषला फोन लाव."

शिरीष माझा धाकटा दीर, पुण्यात असतो. मायाळू आहे. दर रविवारी फोन करतो, माईंना मोठ्या आवाजात "ओळखलंस का?" विचारतो आणि त्यांनी ओळखलं नाही की हिरमुसतो. त्या दिवशी त्याने माझं ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता हो. टेन्शन घेऊच नका. रोज सकाळी जरा ध्यान करत जा, मी एक लिंक पाठवतो."

"भाऊजी, व्हिडिओ सुरू करा."

"का?"

"करा तर."

मी मोबाईलसमोर हात धरला. ओलं, लाल, कडांना पिवळट.

"हे कधीचं?"

"माझ्या मनाला काही झालेलं नाही. हे मन नाहीये, ही कातडी आहे. मला शांत राहायला शिकवू नका, मला झोप द्या. लिंक पाठवू नका, तुम्ही या."

इतकं सरळ मी लग्नानंतर कोणाशी बोलले नव्हते. फोन ठेवल्यावर छाती धडधडत होती, तळवे घामेजले होते. अगदी पुस्तकात असतं तसं. पण या वेळी लढायचं ठरलं होतं, आणि ठरलेल्या लढाईसाठीच तर तो रस रक्तात येतो. त्या धडधडीची मला मुळीच भीती वाटली नाही.

दुपारसाठी शकुंतला यायला लागली. दाना ओलीतलीच, पूर्वी एका आजारी वृद्धेला सांभाळलेली. पहिल्या दिवशी माईंनी तिला दारात अडवलं, "फीस भरी?" शकुंतला गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. "भर दी, बहनजी," ती म्हणाली. "तो पीछे बैठो." ती मागे बसली. मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. कूलरच्या नव्या गवताचा ओला वास, बाहेर कुल्फीवाल्याची घंटी, आणि पलीकडून माईंचा आवाज, काटकोन त्रिकोण समजावणारा. मी उठले तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकून छताशी गेलं होतं. जाग आल्यावर क्षणभर मला मी कोण हेच आठवेना, इतकी खोल झोप. माईंना रोज सकाळी असंच होत असेल का, हा विचार तेव्हा पहिल्यांदा मनात आला. थकलेल्या माणसाला दुसऱ्याबद्दल असा विचार सुचत नाही. दया यायलासुद्धा अंगात थोडी शिल्लक लागते.

एप्रिलच्या शेवटी शिरीष आला, महिनाभर घरूनच काम करायची परवानगी काढून. लू सुटली होती. स्टेशनवरून येताना तोंडाला पंचा गुंडाळून आलेल्या त्याला माईंनी शाळेचा शिपाई ठरवून टाकलं. "बाबूलाल, घंटी का नाही दिली?" तो हसला. दोन-तीन दिवस हसत होता. मग एका सकाळी मी शाळेतून उत्तरपत्रिका तपासणीची बैठक आटोपून आले तर तो जिन्यात बसलेला, डोळे लाल.

"वहिनी, मी तिच्यावर ओरडलो."

"हं."

"माझा आवाज कधी चढला मला कळलंच नाही. माझी आई आहे हो ती. मी असा नाहीये."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. "तुम्ही असे नाहीच. तुम्ही झोपलेले नाही."

त्याला मी उंदरांची गोष्ट सांगितली, चाकाची. तो संगणकवाला, त्याला यंत्राची भाषा लगेच कळते. म्हणाला, "म्हणजे लोड कमी झाला नाही तरी कंट्रोल हवा." मी म्हटलं, तसंच काहीतरी. मग आम्ही दोघांनी मिळून घरात माईंसाठी जे करता येईल ते केलं. मोठं काही नाही. पहाटे दाराशी जाण्याआधीच त्यांना मागच्या खोलीत, खिडकीजवळ, जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि लाल पेन्सिल देऊन बसवायचं. त्या तपासत बसत. बरोबरला बरोबर, चुकलेल्यालाही बरोबर. किल्ल्यांचा हट्ट एकदम कमी झाला. माईंच्या हातालाही एक चाक मिळालं होतं.

असंच एकदा मी त्यांना पाणी द्यायला गेले आणि त्यांचं लक्ष माझ्या पट्टीकडे गेलं. त्यांनी माझा हात ओढून मांडीवर घेतला, पट्टीच्या कडेने बोट फिरवलं.

"कंपासचं टोक लागलं का ग?"

"हो, बाई," मी म्हटलं.

त्यांनी हातावर फुंकर घातली. लहान मुलीला घालतात तशी, गाल फुगवून. "पेपरची काळजी करू नकोस. मी वेळ वाढवून देईन."

सून म्हणून त्यांनी मला बरंच काही दिलं होतं, पण कौतुकाचा शब्द तेवढा जपून ठेवला होता. विद्यार्थिनी झाले आणि तो मिळाला.

मे महिन्यात जखम भरली. आधी कडा गुलाबी झाल्या, मग मधला ओलेपणा सुकला, मग एक दिवस पट्टी काढली तर खाली पातळ, चकचकीत, नवी कातडी. डॉक्टरांनी वाकून बघितलं आणि फक्त "अच्छा" म्हणाल्या. आता मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे. एका हातावरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मला कळतं. मलम बदललेलं होतं, दिवस गेले होते, कदाचित ती तशीही भरली असती. पण मला ज्याने हलवलं ते खोटं नव्हतं. आपलं शरीर आपल्यावर ओझं किती आहे याची खरी बातमी देत असतं, आणि आपण त्याला 'मनाचे खेळ' म्हणून गप्प बसवतो. विशेषतः ते शरीर घरातल्या बाईचं असेल तर.

पुढेही वाचत राहिले. आणखी एक गोष्ट सापडली, ती मुलींना दर वर्षी सांगते. पूर्वी शास्त्रज्ञ मानत, की सतत मार खाऊन प्राणी हतबल व्हायला शिकतो. ज्यांनी हे मांडलं त्यांच्यापैकीच काहींनी पुढे मेंदूच्या आत डोकावून आपलं म्हणणं उलटं केलं. फार काळ टिकलेल्या संकटापुढे गोठून बसणं ही मेंदूची आपसूक प्रतिक्रिया असते. शिकावं लागतं ते हे, की माझ्या हालचालीने काही बदलू शकतं. आणि मेंदूला ते शिकता येतं. हतबलता शिकलेली नसते, हिंमत शिकलेली असते. चूक कबूल करायला किती वर्षं लागली असतील, पण केली. मला त्या माणसांचा फार आदर वाटतो.

माई त्यानंतर दोन हिवाळे होत्या. शेवटी शेवटी शाळाही गेली, मराठी गेली, हिंदी गेली. मग नुसतं हात धरून बसणं उरलं. शिरीष दर वर्षी महिनाभर येत राहिला. अविनाश रात्रीचा वाटा न चुकता घेत राहिला, आणि एका पहाटे त्याच्याच पाळीत त्या गेल्या. तो म्हणाला, "बरं झालं मी जागा होतो." त्याच्या आवाजात दुःख होतं, पण पश्चात्ताप नव्हता. चिन्मयला प्रवेशाच्या पहिल्या फेरीत हवं ते मिळालं नाही. त्याने दुसरं शोधलं आणि आता तो त्यात सुखी आहे.

माईंच्या माघारी आम्ही काही जणांनी एक गोष्ट सुरू केली. रविवारी दुपारी माधवगंजातल्या एका धर्मशाळेच्या वरच्या खोलीत, घरात असं दीर्घ आजारपण असलेली माणसं जमतात. चहा होतो, बोलणं होतं, आणि मुख्य म्हणजे पाळ्या ठरतात. तुझ्या घरी मी दोन तास बसतो, माझ्या घरी तू. मराठी, हिंदी, सगळी मिसळ. व्याख्यान कोणी द्यायचं नाही एवढाच नियम. आणि 'टेन्शन मत लो' म्हणायला बंदी.

या रविवारी गुप्ताजी पहिल्यांदा आले. नया बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे. पत्नीला पक्षाघात होऊन बरेच महिने झाले. उचलणं, भरवणं, सगळं तेच करतात. येत नव्हते. अविनाशच त्यांच्या घरी गेला, म्हणाला, भाभीजींजवळ मी बसतो, तुम्ही जा. ते आले, इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, सगळ्यांना नमस्कार. "मुझे तो कोई परेशानी नहीं है जी," ते म्हणाले. "सेवा है. सेवा में क्या थकान." कोणी वाद घातला नाही. चहा आला. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली, आणि कप हातात घेण्याआधीच त्यांची मान कलली. झोपले. नुसते पेंगले नाहीत. तोंड उघडं टाकून, सगळं अंग सैल सोडून झोपले.

एकीने खुणेने विचारलं, उठवू? मी मानेनेच नको म्हटलं. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, पंख्याखाली, चहा निवत असताना.

तेवढ्यात खालून डीजेचा आवाज आला. लग्नाची वरात, गल्लीच्या तोंडाशी. खिडकीची काच थरथरायला लागली. गुप्ताजींच्या पापण्या हलल्या.

मी चपला न घालता जिना उतरले. रस्ता तापलेला होता. डीजेच्या गाडीच्या पुढ्यात जाऊन दोन्ही हात वर करून उभी राहिले. नाचणारी मुलं थांबली. डीजेवाला वरून ओरडला,

"आंटी जी, साइड! शादी है!"

"मालूम है. बधाई हो. ऊपर एक आदमी सोया है."

"बीमार है?"

"नहीं. थका हुआ है."

मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. नवरदेव घोड्यावरून वाकून बघत होता, सेहऱ्याच्या झुबक्यांतून. मी हात खाली केले नाहीत.

"नुक्कड़ तक," मी म्हटलं. "बस नुक्कड़ तक."

डीजेवाल्याचा हात बटणाकडे गेला. गाणं मधेच तुटलं. आणि माधवगंजाच्या त्या अरुंद गल्लीतून एक अख्खी वरात, घोडा, फेटे, झगमगत्या साड्या, पावलांचा तेवढा आवाज करत, कोपऱ्यापर्यंत मुकाट चालत गेली.